बंदुकीचे दोन पाय

औरंगजेबाच्या राज्यारोहणाच्या धामधुमीत फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य हिंदुस्थानात आला आणि जवळजवळ दहा वर्षे इथे राहिला. मुघल दरबार, फौज, खजिना, बाजार या सगळ्यांविषयी त्याने सविस्तर लिहून ठेवले आहे. पायदळातील बंदूकधाऱ्यांविषयी मात्र त्याचे मत फार वाईट होते. हे लोक जमिनीवर उकिडवे बसतात, बंदुकीलाच लटकणाऱ्या लाकडी बेचक्यावर ती टेकवतात आणि एवढे करूनही आपले डोळे नि दाढ्या जळतील या धास्तीत असतात, असे त्याने लिहिले आहे. एखाद्या जिनाच्या करणीने बंदूक हातातच फुटेल, ही भीती त्याहून मोठी, असेही तो पुढे म्हणतो.

हा उतारा इतिहासाच्या पुस्तकांत वरचेवर भेटतो. तो देऊन लेखक बहुतेक वेळा एकच निष्कर्ष काढतात. युरोपातला शिपाई उभा राहून, रांगेत, हुकुमाबरोबर बार काढत होता आणि आपला शिपाई दोन काटक्यांच्या आधाराने जमिनीवर बसलेला होता, म्हणजे आपण मागासलेले होतो. मला हा निष्कर्ष पटत नाही. दाढीचा विनोद बाजूला ठेवला तर बर्निएने जे पाहिले ते अगदी नेमके पाहिले आहे. चुकला तो त्याचा अर्थ लावण्यात. त्या लाकडी बेचक्याकडे, म्हणजे आज ज्याला बायपॉड म्हणतात त्याच्या पूर्वजाकडे, जरा नीट पाहिले पाहिजे.

पहिली गंमत अशी, की बर्निएच्या पणजोबांच्या पिढीतला युरोपीय बंदूकधारीही बेचके घेऊनच फिरत होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पॅनिश फौजेत ‘मस्केट’ आली. चिलखत भेदणारी जड गोळी मारायची म्हणून ती लांब आणि जाड नळीची केलेली, वजन सात-आठ किलोच्या घरात. १५६७ साली आल्बाचा ड्यूक नेदरलँड्सवर चालून गेला तेव्हा त्याच्या कंपन्यांमधून हे मस्केटवाले होते. एवढे धूड खांद्याला लावून हवेत तोलून धरणे कुणाला जमणार? म्हणून प्रत्येकाच्या हाती कमरेच्या वर पोचणारी काठी असे. वर लोखंडी दुबेळके, खाली जमिनीत रुतणारे टोक, आणि बंदूक भरताना काठी हातातून सुटू नये म्हणून मनगटात अडकवायचा फास. याकॉब द गेन या डच चित्रकाराने १६०७ साली कवायतीचे एक सचित्र पुस्तक काढले. त्यातली मस्केटवाल्याची चित्रे पाहिली की बेचके सांभाळणे हीच निम्मी कवायत होती हे कळते. एका हातात बंदूक, त्याच हातात पेटता तोडा, दुसऱ्या हातात काठी, आणि दारू ओतायची तेव्हा काठी मनगटाला लोंबकळते आहे. पाऊस, चिखल आणि समोरून येणारे घोडदळ यांची भर वाचकाने आपल्या मनाने घालावी.

ही काठी युरोपात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू गेली. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फस याला त्याचे श्रेय देण्याचा प्रघात आहे. एका माणसाला ते सगळे देणे मला जास्त वाटते, पण दिशा त्याच्या सैन्यात स्पष्ट दिसते. बंदूक हलकी केली, चिलखतही मागे पडत चालले होते, आणि मुख्य म्हणजे लढाईची रीत बदलली. शेकडो लोकांनी एकदम बार काढायचा, पुढे सरकायचे, पुन्हा बार काढायचा. एकेकाचा नेम बिनमहत्त्वाचा झाला, एकत्र उडणाऱ्या गोळ्यांची भिंत महत्त्वाची झाली. नेम धरायचाच नसेल तर बंदूक स्थिर कशासाठी ठेवायची? म्हणजे बेचके गेले ते हुशारी वाढली म्हणून गेले असे नव्हे. चालत राहण्यासाठी अचूकपणाची किंमत मोजायची, असा तो सौदा होता.

आपल्याकडे आणि अफगाण-तिबेटच्या मुलखात सौदा उलटा झाला. बंदूक लांबच राहिली, आणि वेगळी काठी बाळगण्याऐवजी आधारच नळीच्या टोकाजवळ दस्त्याच्या पुढच्या लाकडाला खिळीने जोडला गेला. दोन पाय, एकाच आसावर फिरणारे. नको तेव्हा नळीच्या बाजूने मिटवायचे, हवे तेव्हा खाली सोडायचे. अफगाण ‘जझैली’ला ते लोखंडाचे, लाकडाचे किंवा शिंगाचे असत. तिबेटात चिरू या हरणाची लांब, जवळजवळ सरळ शिंगे त्या कामी येत. मिटलेल्या अवस्थेत ही शिंगे नळीच्याही पुढे भाल्यासारखी निघालेली दिसतात. १९०४ साली तिबेटात यंगहजबंडच्या मोहिमेसमोर अशाच बंदुका होत्या.

आता हे पाय दोनच का, एक का नाही, तीन का नाहीत? युरोपातल्या काठीने बंदुकीचे वजन उचलले, पण बंदूक डावी-उजवीकडे डोलायची ती डोलायचीच. काठी उभी धरणे हेही एक कामच होते. दोन पाय फाकवून रोवले की आडवे डोलणे थांबते आणि नळी कुशीवर कलंडत नाही. तिसरा पाय लावायची गरज उरत नाही, कारण तो आधीच हजर असतो. तो म्हणजे मारणाऱ्याचा खांदा. दोन पाय पुढे, एक मागे, तिवईच ती. त्यातला मागचा पाय जिवंत असल्यामुळे नेम हवा तसा वळवता येतो. खरी तिवई याहून स्थिर असते, पण ती वाहून नेणे, उभी करणे आणि वळवणे ही तीन वेगळी कामे होऊन बसतात.

आणखी एक गोष्ट तोड्याच्या बंदुकीपुरती आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आजच्या रायफलीचा घोडा ओढला की बार तत्क्षणी होतो. तोड्याच्या बंदुकीत कळ दाबली की पेटता तोडा खाली झुकतो, कान्यापाशी ठेवलेली रंजक पेट घेते, ती आग कान्यातून आत जाते आणि मग आतली दारू उडते. हा सगळा कारभार डोळ्याची पापणी लवण्याइतका झटपट होत असला तरी डोळ्यासमोर रंजकीचा भडका उडालेला असतो. माणूस दचकतो. डोळे जळण्याची जी भीती बर्निएला हास्यास्पद वाटली ती याच भडक्याची. कळ आणि बार यांच्यामधल्या त्या क्षणात नळी हलू न देणे हे नुसत्या हातांनी फार अवघड. दोन पायांवर टेकलेली नळी मात्र मारणारा दचकला तरी बरीचशी जागेवर राहते. तेव्हा उकिडवे बसून बेचक्याचा आधार घेणारा तो मुघल पायदळी आपल्या हत्याराचा स्वभाव ओळखून वागत होता.

नेमबाजीचे कौतुक त्या काळी नव्हते असेही नाही. अकबराच्या ‘संग्राम’ नावाच्या आवडत्या बंदुकीने किती जनावरे मारली याची नोंद ठेवली जात होती, आणि अबुल फजलने तो आकडा १०१९ असा दिला आहे. चितोडच्या वेढ्यात, १५६८ साली, तटाच्या खिंडाराची दुरुस्ती करवून घेणारा जयमल राठोड अकबराच्याच गोळीने पडला, असे मुघल इतिहासकार सांगतात. बादशहाची खुशामत त्यातून वजा केली तरी एक गोष्ट उरते. बंदुकीकडून तिथे एका विशिष्ट माणसाला टिपण्याची अपेक्षा होती, आणि अशा कामाला आधार लागतोच.

मराठी मुलखात हा आधार बऱ्याचदा दगडात बांधलेला सापडतो. आपल्या किल्ल्यांच्या तटात ज्या जंग्या आहेत, सिंधुदुर्गावर किंवा प्रतापगडावर गेलेल्या कुणीही त्या पाहिल्या असतील, त्या बंदुकीच्या टेकूच आहेत. बाहेरच्या बाजूला उतरती केलेली फट, तिच्या तळावर टेकलेली नळी, आणि मारणारा माणूस आडोशाला. ज्याला भिंत आहे त्याला बेचके कशाला हवे? बेचके ही उघड्यावरच्या माणसाने सोबत घेतलेली जंगी समजावी. बखरींतून आणि पेशवेकालीन कागदांतून तोफांच्या जोडीला ‘जेजाला’ आणि ‘सुतरनाळा’ येतात, त्यातली जेजाल म्हणजे टेकूवर ठेवून मारायची मोठी बंदूक. अफगाण जझैल आणि ही जेजाल एकाच घरातले शब्द आहेत. सुतरनाळ ही उंटावरची, आणि तिचा टेकू म्हणजे खुद्द उंट. त्याला बसवायचे आणि खोगिरावरच्या फिरत्या खुंटीवरून बार काढायचा.

पानिपतावर १७६१ साली या दोन्ही रीती समोरासमोर आल्या. इब्राहिमखान गारद्याची पलटणे चकमकीच्या बंदुका घेऊन युरोपीय कवायतीने लढत होती, आणि रोहिल्यांना त्यांनी जबर मार दिला. अब्दालीच्या बाजूला उंटांवरची जंबुरके होती. जंबुरक या शब्दाचे मूळ फारसीतल्या गांधीलमाशीत आहे, हे जाता जाता सांगतो. त्या दिवसाचा निकाल बंदुकीच्या पायांनी लावला असे म्हणणे वेडेपणाचे होईल. भूक, थंडी, राखीव फौज आणि विश्वासरावांच्या मृत्यूनंतरची घबराट ही कारणे पुरेशी आहेत. पण कवायती पलटण ही आधुनिक आणि उंटावरची बंदूक ही जुनाट, अशी वाटणी त्या रणांगणाला लागू पडत नाही एवढे खरे.

जझैलीची खरी परीक्षा ऐंशी वर्षांनी झाली. पहिल्या अफगाण युद्धात इंग्रजांनी काबूल घेतले, शहराबाहेर सखल जागी छावणी बांधली आणि १८४१च्या नोव्हेंबरात उठाव झाल्यावर ते त्या छावणीत अडकले. छावणीजवळ बीबी माहरू नावाचे गाव होते. तिथून धान्य मिळत असे, आणि त्या गावामागच्या टेकडीवरून छावणीवर मारा करता येत असे. २३ नोव्हेंबरला पहाटेपूर्वी ब्रिगेडियर शेल्टन फौज घेऊन त्या टेकडीवर चढला. सोबत तोफ एकच. एकटी तोफ बाहेर काढू नये असा कंपनी सरकारचाच दंडक होता, आणि तो का होता हे त्या दिवशी दिसले. सतत मारा करून तोफेचा काना इतका तापला की बार करणे अशक्य झाले.

उजाडल्यावर काबुलातून माणसांचा लोंढा आला. अफगाण समोरच्या टेकडीवर, खडकांआड, घळींत पसरले आणि जझैलींचे पाय रोवून बसले. शेल्टनने आपल्या पायदळाचे दोन चौकोन केले. चौकोन ही घोडदळ अडवण्याची उत्तम रचना आहे, पण टेकडीच्या माथ्यावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांचा चौकोन म्हणजे लांबून मारणाऱ्याला आयते लक्ष्य. इंग्रजांच्या हातात ‘ब्राउन बेस’ होती. तिची नळी आतून पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून बरीच लहान. पटकन भरता यावी म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली. त्यामुळे गोळी नळीत आदळत-आपटत बाहेर पडे. मागची माशी तिला नव्हतीच. संगीन अडकवायची खुंटी हीच पुढची माशी. शंभर यार्डांपलीकडच्या एका माणसाला तिने टिपणे हा नशिबाचा भाग होता. जझैलीची नळी लांब, तोंड बहुधा अरुंद, गोळी बेताने बसवलेली, आणि खाली दोन पाय. इंग्रजांच्या गोळ्या पोचत नव्हत्या आणि त्यांची माणसे पडत होती. हा प्रकार छावणीतल्या घराच्या छपरावरून पाहणाऱ्या लेडी सेलने रोजनिशीत टिपला आहे, आणि अफगाणांच्या बंदुका आपल्यापेक्षा लांब मारतात हेही तिने स्पष्ट नोंदवले आहे. अखेर चौकोन मोडला आणि पळापळ झाली. ६ जानेवारी १८४२ला सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे काबूल सोडून निघाले. खुर्द काबूलच्या आणि जगदलकच्या खिंडींत दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर तेच पाय रोवलेले होते. १३ तारखेला जलालाबादच्या वेशीत डॉ. ब्रायडन एकटा पोचला. बाकीच्यांतले काही पुढे कैदेतून सुटले, पण ती फौज म्हणून उरली नाही. थंडीने आणि उपासमारीने जझैलीच्या बरोबरीने काम केले, हेही सांगायला हवे.

मुंबईकरांना या युद्धाची खूण कुलाब्याला आजही दिसते. तिथले अफगाण चर्च या युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले आहे. मुंबई इलाख्याची फौज १८३९ साली कीनच्या हाताखाली सिंधमार्गे अफगाणिस्तानात गेली होती आणि गझनीच्या लढाईत होती.

जझैलीची बाजू मी घेतो आहे म्हणून तिचे दुबळेपण लपवायचे कारण नाही. ती भरायला वेळ लागे आणि तिला संगीन नव्हती. जागा सोडून हलायचे म्हणजे पाय मिटवायचे, उठायचे, नवीन आडोसा शोधायचा आणि पुन्हा मांडायचे. याच दुखण्यावर जनरल पोलॉकने बोट ठेवले. एप्रिल १८४२मध्ये खैबर खिंडीतून जाताना त्याने फौज सरळ खिंडीत घातली नाही. आधी दोन्ही बाजूंच्या उंच कड्यांवर पायदळ चढवले आणि अडवून बसलेल्यांच्या वर आणि मागे माणसे नेली. ज्याची बंदूक एका दिशेला रोवलेली आहे त्याला पाठीमागून येणाऱ्यापुढे उठावेच लागते. त्याच आठवड्यात जलालाबादच्या वेढलेल्या शिबंदीने बाहेर पडून मोकळ्या मैदानात अकबरखानाचा तळ उधळला. डोंगरात जझैल आणि मैदानात पलटण, असा तो सरळ हिशेब होता. इंग्रजांनाही तो कळत होता. कॅप्टन मॅकेंझीच्या हाताखालचे जझैलची हे काबूलच्या संकटातले त्यांचे सर्वांत भरवशाचे सैनिक होते. पुढे १८७८ साली खैबर खिंडीच्या राखणीसाठी उभारलेल्या दलाचे नावही खैबर जझैलची असेच होते. खैबर रायफल्स हे त्याचे नंतरचे नाव.

इंग्रजी साहित्यात या बंदुकीने जी जागा मिळवली ती मराठी वाचकांच्याही ओळखीची आहे. शेरलॉक होम्सचा मित्र डॉ. वॉटसन जखमी झाला तो १८८०च्या मैवंदच्या लढाईत, जझैलीच्याच गोळीने. गोळी खांद्याला लागली की पायाला, याचा मेळ कॉनन डॉयलला पुढे लावता आला नाही, आणि होम्सभक्त त्यावर अजून भांडतात. त्या खऱ्या मैवंदमध्ये बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स ही मुंबई फौजेची पलटणे होती आणि त्यांची भयंकर हानी झाली. ती हानी मुख्यतः अयूबखानाच्या तोफांनी आणि संख्याबळाने केली होती. कादंबरीकाराला मात्र जझैल हवी होती, कारण तोवर हा शब्दच सरहद्दीची भीती बनला होता.

मैवंदपर्यंत खरे तर जझैलीचे दिवस भरले होते. १८५०च्या दशकात आटे पाडलेल्या नळीची एनफिल्ड आली, तिची गोळी शेकडो यार्ड अचूक जाऊ लागली, आणि मग मागून भरायची रायफल आली. आता शिपायाला पालथे पडूनही बंदूक भरता येऊ लागली. ठासणीच्या बंदुकीत हे जवळपास अशक्य होते, दारू वरून ओतायची म्हणजे उठून बसणे आलेच. पालथा पडलेला माणूस कोपर टेकतो, आणि ते त्याचे दोन पाय होतात. साध्या रायफलीला बेचक्याची गरज उरली नाही. अमेरिकेच्या माळरानावर १८७०च्या दशकात रानगवे मारणारे शिकारी तेवढे दोन काठ्यांची फुली जमिनीत रोवून तीवर जड शार्प्स रायफल ठेवत असत. त्यांना दिवसभर एका जागी बसून मारायचे होते.

पण शतक उलटले आणि बेचके परत आले, ते थेट युरोपच्या पलटणींत. डेन्मार्कची मॅडसन १९०२च्या सुमारास आली, पहिल्या महायुद्धात लुइस गन आली. एका माणसाने उचलून न्यायची मशीनगन हवी होती. ती खांद्यावर धरून मारण्याइतकी हलकी नव्हती, आणि तिवईवर बसवली तर एका माणसाची राहत नव्हती. उत्तर तेच निघाले: पुढे दोन पाय, मागे खांदा. ज्या सैन्याच्या पूर्वसुरींनी बसून मारणाऱ्याला हसून घेतले होते, त्याच सैन्याचे शिपाई आता चिखलात पालथे पडून दोन पायांमागे नेम धरत होते.

मग तेच जुने प्रश्नही परत आले. पाय कुठे जोडायचे? नळीच्या अगदी टोकाला जोडले तर स्थिरपणा जास्त, पण तोंड जड होते. नळीवरच ताण आला तर तिचा ताण बदलेल तसा नेमही सरकतो. अमेरिकेच्या ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफलीच्या एम १९१८ ए २ या नमुन्यात पाय नळीच्या तोंडाशी, ज्वाला झाकणाऱ्या नळकांड्यावर बसवले होते. बंदूक इतकी पुढच्या अंगाला झुकू लागली की दुसऱ्या महायुद्धात पुष्कळ शिपायांनी ते काढून टाकले. चेक कारागिरांनी बर्नो शहरात जी हलकी मशीनगन केली तिच्यात पाय नळीवर न बसवता खालच्या वायुनळीवर बसवले. त्यामुळे तापलेली नळी चटकन बदलता येई आणि पाय जमिनीवर तसेच रोवलेले राहत. तिच्यावरून इंग्रजांनी ब्रेन केली. बर्नो आणि एनफिल्ड या दोन गावांची पहिली अक्षरे जोडून ते नाव झाले, आणि १९३७पासून ती एनफिल्डला बनू लागली. हिंदी फौजेने त्याआधीच, १९३३ साली, व्हिकर्स-बर्टिए ही दुपायी बंदूक पत्करली होती आणि ती बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात होत असे.

नेमबाजी किंवा शिकार यांसाठी आज बायपॉड निवडणाऱ्यापुढेही हेच प्रश्न असतात. पाय दस्त्याच्या लाकडाला जोडायचा की नळीला; पालथे पडून मारायचे असेल तर सहा ते नऊ इंच पुरतात, बसून मारायचे असेल तर लांब हवेत; उतारावर एक पाय लहान करता आला पाहिजे; आणि खांद्याने बंदूक किंचित पुढे रेटून पायांवर दाब ठेवला नाही तर बार होताच ते उडी मारतात. हे शेवटचे जझैलवाल्याला कुणी शिकवले असेल?

एखाद्या संग्रहालयात किंवा संस्थानी शस्त्रागारात तोड्याची लांब बंदूक दिसली तर वाचकांनी नळीच्या तोंडाजवळ, खालच्या लाकडात, आरपार गेलेले आडवे भोक आहे का ते पाहावे. काही बंदुकांत ते सापडते. पाय बहुधा गेलेले असतात. दस्त्यावरची हस्तिदंती आणि नळीवरचे सोन्याचे काम लोकांनी जपले, लाकडी काटक्या कोण जपणार? ब्रेन गनच्या बाबतीत उलटे झाले. स्वातंत्र्यानंतर भारतीय फौजेने ती सोडली नाही. .३०३ची गोळी जाऊन ७.६२ मिलिमीटरची आली तेव्हा बंदूक त्या गोळीला जुळवून घेतली गेली. तिची ती ओळखीची बाकदार काडतूसपेटी गेली आणि जवळजवळ सरळ पेटी आली. पाय तसेच ठेवले.